पाळता न येणारा नियम

सुमारे दोन दशकांपूर्वी मी सीमाशुल्क खात्यात होतो. त्या काळात एका गाडीच्या जप्तीच्या आदेशाचा मसुदा माझ्या हातून लिहिला गेला. गाडी टोयोटाची, साधी, पांढऱ्या रंगाची, चार दरवाज्यांची. मालक कोइम्बतूरचा एक अभियंता. सात वर्षे नागोयाजवळच्या एका कारखान्यात नोकरी करून तो मायदेशी परतला होता. गाडी जहाजावर चढवायला उशीर झाला आणि तो आल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी ती बंदरात उतरली. त्यामुळे कायम वास्तव्यासाठी परतणाऱ्यांच्या विशेष तरतुदीचा आधार त्याला राहिला नाही. त्याची गाडी इतर कोणत्याही वापरलेल्या गाडीसारखीच धरली गेली आणि तिला तीन वर्षांची अट लागू झाली.

जपानच्या कागदपत्रांवर गाडीची पहिली नोंदणी कोणत्या महिन्यात झाली, एवढेच लिहिलेले असते. त्या नोंदीप्रमाणे गाडी तीन वर्षांच्या आत बसत होती. पण आपला नियम नोंदणीची तारीख पाहत नाही, तो उत्पादनाची तारीख पाहतो. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर जगात इतरत्र रूढ असलेला सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक नसतो. तिथे आखूड चासी क्रमांक असतो आणि त्यावरून उत्पादनाचा महिना सहज वाचता येत नाही. या अभियंत्याने मात्र उत्पादकाकडून पत्र मागवून ते स्वतःहून कागदांना जोडले होते. त्या पत्राप्रमाणे गाडी तीन वर्षे आणि दोन महिन्यांची होती. पत्र जोडले नसते, तर बहुधा ती सुटली असती. त्याने मला विचारलेला प्रश्न अजून स्मरणात आहे: ‘साहेब, मी खरे सांगितले म्हणून अडकलो का?’ मी त्याला नियमाचा क्रमांक सांगितला.

या प्रश्नाची आठवण ताजी होण्याचे कारण सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सुरू झालेली ‘ऑपरेशन नुमखोर’ ही मोहीम. नुमखोर हा भूतानच्या भाषेतील वाहनवाचक शब्द. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी राज्यात अनेक ठिकाणी एकाच वेळी छापे घातले आणि पहिल्याच दिवशी तीसहून अधिक गाड्या ताब्यात घेतल्या. त्यांत जपानी बनावटीच्या जुन्या, दणकट गाड्याही होत्या. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार भूतानमध्ये लष्कराने व इतरांनी वापरातून काढलेल्या गाड्या सीमेवरून आत आणल्या गेल्या, बनावट कागदांच्या आधारे दुसऱ्या राज्यांत त्यांची नोंदणी झाली आणि तिथून त्या देशभर विकल्या गेल्या. खटले पूर्ण होईपर्यंत हे आरोपच आहेत आणि त्यांच्याकडे तसेच पाहिले पाहिजे. चर्चा मात्र त्यात कोणत्या प्रसिद्ध व्यक्तीची गाडी सापडली यावरच रंगली. मला त्यात एक जुना धोरणात्मक प्रश्न दिसतो. वापरलेली परदेशी गाडी कायदेशीरपणे आणण्याचा मार्ग आपण नेमका कसा आखला आहे?

कागदावर मार्ग आहे. वापरलेली गाडी आणण्यास भारतात बंदी नाही. परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाच्या धोरणानुसार अशी गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी. स्टिअरिंग उजवीकडे असावे, वेगमापक किलोमीटरमध्ये असावा आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला अनुरूप असावा. गाडीने मोटार वाहन कायदा, १९८८ आणि त्याखालील नियमांची आयातीच्या दिवशी लागू असलेली सर्व मानके पाळली पाहिजेत. जहाजावर चढण्यापूर्वी तिची तपासणी होऊन तसे प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. इथे उतरल्यावर पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया किंवा अहिल्यानगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था यांसारख्या यंत्रणेकडून तिची पुन्हा चाचणी झाली पाहिजे. अशी गाडी फक्त मुंबई बंदरातून आत येऊ शकते. शिवाय आयातीपासून पुढची किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यास योग्य राहील आणि तेवढा काळ देशात तिच्या दुरुस्तीची सोय असेल, अशी हमी आयातदाराने द्यायची असते.

या अटी एकेक करून जपानी गाडीला लावून पाहाव्यात. जपानमध्ये रहदारी आपल्यासारखीच डावीकडून चालते. स्टिअरिंग उजवीकडे, वेग किलोमीटरमध्ये आणि हेडलाइटचा झोतही आपल्याला हवा तसा. युरोप-अमेरिकेतील बहुतेक गाड्या जिथे पहिल्याच पायरीवर अडतात, तिथे जपानची गाडी विनासायास पुढे जाते. म्हणूनच दक्षिण आशिया, पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड आणि कॅरिबियन बेटांवर वापरलेली गाडी म्हणजे जपानी गाडी असे समीकरण झाले आहे.

आपल्याकडे अडचण उरलेल्या अटींत आहे. एका व्यक्तीने आणलेल्या एका गाडीला पाच वर्षांच्या दुरुस्तीसेवेची हमी कोण देणार? आयातदार स्वतः गॅरेज चालवत नाही. त्याच नावाची कंपनी भारतात असली, तरी जपानच्या अंतर्गत बाजारासाठी घडवलेल्या मॉडेलची जबाबदारी ती का घेईल? चाचणीचेही तसेच. आपल्या वाहन नियमांतील मान्यतेची सारी पद्धत उत्पादकाला डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहे. उत्पादक एक नमुना तपासून घेतो आणि तशा हजारो गाड्या विकतो, त्यामुळे खर्च वाटला जातो. एप्रिल २०२० पासून लागू असलेली भारत स्टेज-६ ही प्रदूषण मानके आणि जपानची मानके कडकपणात फार दूर नाहीत, पण त्यांची मोजण्याची रीत वेगळी आहे. जपानचे प्रमाणपत्र इथे जसेच्या तसे चालत नाही आणि एकट्या गाडीसाठी नवे मिळवणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

एवढे सारे ओलांडले तरी शुल्क उरतेच. वापरलेल्या गाडीवरील मूळ सीमाशुल्क वर्षानुवर्षे १२५ टक्के होते आणि त्यावर समाजकल्याण अधिभार होता. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणले गेले, तेव्हा काहींनी ‘शुल्ककपात’ म्हणून त्याचे स्वागत केले. प्रत्यक्षात त्याच वेळी ६७.५ टक्क्यांचा कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावला गेला आणि एकूण भार १३७.५ टक्के होता तेवढाच राहिला. बंदरात उतरताना दहा लाख रुपये मूल्य असलेली एक मोठी गाडी घ्या. तिच्यावर पावणेचौदा लाखांचे शुल्क. या दोन्हींच्या बेरजेवर ४० टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी साडेनऊ लाख. रस्ता कर, विमा, चाचणी आणि बंदराचे भाडे धरण्यापूर्वीच दहा लाखांची गाडी सव्वातेहेतीस लाखांना पडते.

कागदावर परवानगी आणि व्यवहारात बंदी, अशी ही रचना आहे. ती अपघाताने झालेली नाही. परकीय चलनाच्या तुटवड्याचे कारण देऊन भारताने अनेक वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध ठेवले होते. अमेरिकेने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि १९९९ मध्ये अपिलातही भारत हरला. त्यानंतर उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठवावे लागले. वापरलेल्या गाड्या त्यांतच होत्या. जपानच्या जुन्या गाड्यांचे लोंढे येतील आणि नुकताच उभा राहू लागलेला देशी वाहन उद्योग बुडेल, अशी भीती त्या वेळी सर्वत्र व्यक्त होत होती. जिनिव्हात दार उघडले असे सांगता यावे आणि घरात ते बंदच राहावे, यासाठी या अटींची व शुल्काची योजना झाली. मुत्सद्देगिरी म्हणून ती चतुर होती. पंचवीस वर्षांनंतर कायदा म्हणून मात्र तिची तपासणी व्हायला हवी.

ती भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. जपानमध्ये नव्या खासगी गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. ‘शाकेन’ या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी खर्चिक असते. चांगल्या स्थितीतील गाडीसुद्धा पुढच्या शाकेनपूर्वी विकून टाकणे तिथल्या अनेक कुटुंबांना परवडते. या गाड्या प्रचंड लिलावगृहांत जातात, तिथे प्रत्येकीची पाहणी होऊन तिला श्रेणी दिली जाते आणि जगभरचे व्यापारी बोली लावतात. जपानमधून दरवर्षी दहा लाखांहून अधिक वापरलेली वाहने बाहेर पडतात. हा प्रवाह अनिर्बंध आत घेणाऱ्या देशांचे काय होते, हेही आपण पाहिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात जगात १.४ कोटी वापरलेली हलकी वाहने निर्यात झाली. त्यांतील सुमारे ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेली आणि आयात करणाऱ्या बहुसंख्य देशांचे नियम दुबळे होते. श्रीमंत देशांचा धूर गरीब देशांच्या फुप्फुसांत जातो, हा आक्षेप खरा आहे.

शेजाऱ्यांचे अनुभवही सावध करणारे आहेत. श्रीलंकेच्या रस्त्यांवर जपानी जुन्या गाड्यांचे राज्य आहे. परकीय चलन आटू लागताच मार्च २०२० मध्ये त्या देशाला वाहन आयात थांबवावी लागली आणि खासगी गाड्यांसाठी ती २०२५ मध्येच पुन्हा खुली झाली. पाकिस्तानने जुन्या गाड्या परदेशस्थ नागरिकांच्या भेटवस्तू, सामान व स्थलांतर या योजनांपुरत्या मर्यादित ठेवल्या. परिणामी, परदेशातील कष्टकऱ्यांच्या पासपोर्टच्या नावावर व्यापारीच गाड्या आणू लागले. बांगलादेशने पाच वर्षांपर्यंतच्या गाड्यांना वाट ठेवली आणि तिथे त्यांचा रीतसर, करपात्र व्यवसाय उभा राहिला. पण देशी मोटार उद्योगाची वाढ तिथे खुंटलेलीच राहिली. भारताने हा मार्ग घेतला नाही, म्हणून आज तो जपानलाही मागे टाकून जगातील तिसऱ्या क्रमांकाची वाहन बाजारपेठ आहे. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

तरीही उद्योगाला संरक्षण देणे वेगळे आणि पाळताच येणार नाही असा नियम पुस्तकात ठेवणे वेगळे. पहिल्याची किंमत ग्राहक मोजतो आणि त्याबद्दल वाद घालता येतो. दुसऱ्याची किंमत कायद्याच्या प्रतिष्ठेतून वसूल होते आणि तिचा हिशेब कोणी मांडत नाही.

सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १२५ मध्ये जप्त मालावर दंड भरून तो सोडवून घेण्याची तरतूद आहे. प्रतिबंधित मालाच्या बाबतीत ही सवलत द्यायची की नाही, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेले आहे. माझ्या सेवाकाळात तीन वर्षांची अट मोडणाऱ्या गाड्यांच्या अनेक फायली मी पाहिल्या. शेवट बहुधा ठरलेला असे: जप्ती, दंड आणि सुटका. ज्याच्याकडे पैसा होता, त्याच्या दृष्टीने नियम म्हणजे भावपत्रकातील आणखी एक ओळ होती. ज्याच्याकडे नव्हता, त्याच्यासाठी ती भिंत होती. सार्वजनिक सुरक्षेसाठी म्हणून केलेली अट पैसे भरून ओलांडता येत असेल, तर ती सुरक्षेसाठी आहे यावर कोण विश्वास ठेवील?

भिंत उंच झाली की तिच्या कडेने वाटा पडतात. मूल्य कमी दाखवणे, उत्पादनाचे वर्ष बदलणे, तात्पुरत्या प्रवेशाच्या कागदावर आणलेली गाडी परत न नेणे, परदेशी दूतावासांना मिळणाऱ्या सवलतीचा गैरवापर करणे, हे सारे प्रकार देशाच्या महसुली इतिहासात नोंदलेले आहेत. भूतानमार्गे आलेल्या गाड्यांच्या प्रकरणात तर आरोप त्याहून गंभीर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ४७ प्रमाणे परदेशी गाडीच्या पहिल्या नोंदणीसाठी सीमाशुल्क खात्याचे मुक्तता प्रमाणपत्र लागते. लष्कराने विकलेल्या गाडीसाठी त्या अधिकाऱ्यांचे विक्री प्रमाणपत्र लागते. असे कागद बनावट निघाले आणि तरीही गाडी नोंदली गेली, असे तपासात सिद्ध झाले तर दोष केवळ सीमेवरचा राहत नाही, तो नोंदणीच्या टेबलापर्यंत येतो.

या साखळीच्या शेवटी एक माणूस असतो आणि त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. डोंगराळ राज्यात नोंदलेली गाडी तो तिसऱ्या-चौथ्या हाताने विकत घेतो. आरसी बुक पाहतो, संगणकावरच्या ‘वाहन’ प्रणालीत क्रमांक तपासतो, नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र घेतो, आपल्या राज्याचा कर भरतो. सावध नागरिकाने करायचे ते सारे त्याने केलेले असते. एके दिवशी गाडी ताब्यात घेतली जाते, कारण बेकायदा आयातीचा दोष मालाला चिकटलेला असतो आणि हात बदलल्याने तो धुतला जात नाही. नंतरचा खरेदीदार हा ‘आयातदार’ नव्हे, त्यामुळे बुडवलेले शुल्क त्याच्याकडून मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळातूनच आलेल्या एका परदेशी गाडीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. हा दिलासा मोठा आहे, पण तो मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याइतका पैसा आणि आयुष्य हाताशी असावे लागते. नोंदणी प्रमाणपत्र हे शासनाने नागरिकाला दिलेले वचन असते. त्यावर विसंबणाऱ्याला शासनानेच गुन्हेगाराच्या रांगेत उभे करणे न्याय्य नाही.

मग करावे काय? सर्वप्रथम हेतू स्पष्ट सांगावा. व्यापारी पातळीवर जुन्या गाड्यांची आयात देशाला नको असेल, आणि माझ्या मते ती नकोच, तर पर्यावरण व रस्तासुरक्षेची कारणे देऊन तसा थेट नियम करावा. नेपाळने वापरलेल्या गाड्यांना सरळ मज्जाव केला आहे. तिथल्या नागरिकाला निदान आपण कुठे उभे आहोत हे कळते.

दुसरे, व्यक्तिगत वापरासाठी एक अरुंद पण खरोखर उघडे असलेले दार ठेवावे. याला आपल्याकडेच पूर्वाधार आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये उत्पादकांना वर्षाला अडीच हजारांपर्यंत नव्या गाड्या भारतीय चाचणीशिवाय आणण्याची मुभा दिली. गाडी उजव्या स्टिअरिंगची असावी आणि युरोप किंवा जपानची मान्यता तिला मिळालेली असावी, एवढी अट होती. जपानच्या मान्यतेवर विश्वास ठेवता येतो, हे शासनाने तेव्हाच स्वीकारले. गाडी कंपनीने आणली की तो शिक्का चालतो आणि परतणाऱ्या परिचारिकेने किंवा अभियंत्याने आणली की चालत नाही, या भेदाला सुरक्षेचे कोणतेही कारण देता येत नाही. अशाच वार्षिक मर्यादेत, एका व्यक्तीस आयुष्यात एकदा आणि ठरावीक वर्षे न विकण्याच्या बंधनासह ही मुभा देता येईल. त्याने देशी उद्योगाच्या केसालाही धक्का लागणार नाही.

तिसरे, वयाऐवजी गाडीची स्थिती पाहावी. अडीच वर्षांची पण पुरात बुडालेली किंवा अपघातानंतर जोडलेली गाडी वयाच्या अटीत बसते, चार वर्षांची जपून वापरलेली बसत नाही. विजेच्या गाडीत तर बॅटरी कशी वापरली गेली यालाच महत्त्व असते. न्यूझीलंडमध्ये जपानमधून आलेल्या जुन्या गाड्यांची संख्या फार मोठी आहे. तिथे अशा प्रत्येक गाडीची सांगाड्याला झालेली इजा, गंज आणि अंतरमापकातील फेरफार यांसाठी तपासणी होते. रस्त्यावर येण्यापूर्वी तिला अधिकृत प्रमाणकाची मोहोर लागते. १ मार्च २०२० पासून घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा नसलेल्या वापरलेल्या हलक्या प्रवासी गाडीला तिथे प्रवेश नाही. १९९८ नंतर त्या देशात मोटारींची जुळणीच होत नाही, त्यामुळे त्याचे धोरण आपण उचलू नये. तपासणीची पद्धत मात्र उचलता येते. केनियात तर आठ वर्षांपर्यंतची गाडी चालते, पण निघणाऱ्या देशातच तिची रस्तायोग्यता तपासून घ्यावी लागते.

वय हा सोपा निकष असतो, न्याय्य असतोच असे नाही, हे दिल्लीने आपल्याला शिकवले आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. अंमलबजावणीची वेळ आली, तेव्हा गाडी किती धूर ओकते हे न पाहता ती कधी जन्मली हेच का पाहायचे, हा प्रश्न शासनालाही टाळता आला नाही. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने तर तंदुरुस्तीची चाचणी हाच पाया मानला. देशांतर्गत जुन्या गाडीला आपण जो न्याय लावू पाहतो, तोच बंदरावरच्या गाडीलाही लावावा. पाच वर्षांच्या हमीची जागा दरवर्षीच्या स्वयंचलित चाचणीने घ्यावी. हमी हा कागद असतो, चाचणी प्रत्यक्ष गाडीची होते.

चौथे काम सर्वांत तातडीचे आहे आणि त्याला कोणाचा विरोध नसावा. प्रत्येक परदेशी गाडीचे सीमाशुल्क खात्यातील बिल ऑफ एंट्री आणि तिची ‘वाहन’ प्रणालीतील नोंद एकमेकांना जोडल्या जाव्यात. चासी क्रमांक टाकताच शुल्क भरल्याची खात्री पटत नसेल, तर देशातील कोणत्याही परिवहन कार्यालयाला ती गाडी नोंदता येऊ नये. जुन्या नोंदी तपासून संशयास्पद गाड्यांवर खूण करावी, म्हणजे उद्याचा खरेदीदार फसणार नाही. आणि जे आधीच फसले आहेत, त्यांच्यासाठी कालबद्ध तोडगा असावा. ज्याने रीतसर नोंदलेली गाडी योग्य किमतीला, कर भरून घेतली, त्याला शिक्षेच्या भीतीशिवाय पुढे येऊन जबाब देता यावा. त्याच्या जबाबातूनच विकणाऱ्यापर्यंत आणि नोंदणाऱ्यापर्यंत पोचता येईल.

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. एक, दार किंचित उघडले की लोंढा येतो. पाकिस्तानचा अनुभव त्या भीतीला बळ देतो. पण तिथे संख्येवर मर्यादा नव्हती आणि मागणारा माणूस खरा आहे का, याची पडताळणीही नव्हती. पासपोर्टवरील प्रवासाच्या नोंदी, परदेशातील मालकीचा पुरावा आणि पुनर्विक्रीवरील बंधन एकाच संगणकीय नोंदीत बांधणे आजच्या भारताला अवघड नाही. दुसरा आक्षेप असा की, मूठभर लोकांच्या हौसेसाठी धोरण का बदलावे? माझे उत्तर असे की, धोरण त्या मूठभरांसाठी बदलायचे नाही. पाळता न येणारा प्रत्येक नियम अधिकाऱ्याच्या हातात एक ज्यादा अधिकार ठेवतो, दलालाला एक ज्यादा गिऱ्हाईक देतो आणि सामान्य माणसाला खोटे बोलण्याचे एक ज्यादा कारण पुरवतो. गाड्या थोड्या असतील, पण या सवयीचा फैलाव गाड्यांपुरता राहत नाही.

कोइम्बतूरच्या त्या अभियंत्याला दंड भरून गाडी सोडवण्याचा पर्याय आम्ही दिला होता. दंड, शुल्क आणि बंदराचे वाढते भाडे मिळून आकडा त्याच्या बचतीपलीकडे गेला. त्याने गाडीवरचा हक्क सोडला. पुढे ती सरकारी लिलावात विकली गेल्याचे मला कळले. लिलावात घेणाऱ्याला सरकारी विक्रीचा कागद मिळाला आणि त्यावर ती रीतसर रस्त्यावर आली. तीन वर्षे दोन महिन्यांची असताना जी आपल्या रस्त्यांना धोकादायक ठरली होती, ती आणखी दीड वर्षाने जुनी होऊन चालण्यास योग्य ठरली. बदल झाला होता तो फक्त मालकात.

आदेशात कायद्याची एकही चूक नव्हती. आजही तो मसुदा समोर आला, तर त्यातला शब्द मला बदलता येणार नाही, कारण नियम तसाच आहे. त्या दिवशी मला विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘होय’ असे होते. ते ‘नाही’ असे देता यावे, एवढी सुधारणा करण्यास पंचवीस वर्षे पुरेशी होती.